घर दिसलं म्हणजे घर आलं नाही

वारा पश्चिमेचा असला की मुंबईला उतरणारी विमानं आमच्या कोपरखैरण्याच्या बाजूने येतात. विमान वाऱ्याच्या तोंडाला उतरतं, आणि मुंबईत वर्षातला बराच काळ वारा समुद्राकडून येतो. म्हणून सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीकडे जाणाऱ्या विमानांची रांग पूर्वेकडून, ठाणे खाडी ओलांडून लागते. धावपट्टीचं अलीकडचं टोक इथून सरळ रेषेत बारा-तेरा किलोमीटरवर. उतरण तीन अंशांची, म्हणजे किलोमीटरमागे साधारण 52 मीटर. त्या हिशोबाने आमच्याकडून जाताना विमान दोन हजार फुटांच्या थोडं वर असतं आणि चाकं जमिनीला टेकायला तीन-सव्वातीन मिनिटं उरलेली असतात. तीन टाकीपाशी भाजी घेत असताना मान वर न करताही आम्हाला नुसत्या आवाजावरून कळतं की विमानाने चाकं बाहेर काढली.

या तीन मिनिटांच्या वाटेचा इतिहास मला आधी घरातल्या आणि शेजारच्या थोरांनी सांगितला. कागदपत्रं मी पुढे वाचली. दोन्ही शेजारी ठेवले की एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते, आणि ती मला सांगावीशी वाटते. विमानाचा सगळ्यात धोक्याचा काळ आभाळात उंचावर नसतो. मुक्काम नजरेच्या टप्प्यात आल्यावर तो सुरू होतो.

आम्ही मूळ गावठाणातले आगरी. 1970 साली सिडको स्थापन झाली, त्यानंतर इथे सेक्टर पडले, रस्ते आखले गेले. त्याआधी गावापुढे खाजणातली भातशेती, पलीकडे बांध, बांधाला पाणी सोडायच्या उघाड्या आणि उघाड्यांच्या पलीकडे खाडी. भरतीचं पाणी बांध फोडून शेतात घुसलं तर दोन-तीन वर्षं पीक नाही, म्हणून पावसाळ्यात रात्री-अपरात्री कंदील घेऊन बांधावर फिरणं हे घरटी एकाचं काम असे. पाऊस थांबून हवा स्वच्छ झाली की खाडीपलीकडे विक्रोळी-कांजूरची बाजू दिसे आणि तिच्या मागे घाटकोपर-पवईचे डोंगर. आमच्या आतेचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीचं, लहानपण या बांधावर गेलं. माझ्या ऐकण्यातली विमानाची पहिली गोष्ट तिचीच.

ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. आषाढाचे दिवस, शेतात लावणी चाललेली, आभाळ इतकं खाली आलेलं की खाडीचं पाणी आणि ढग यांत फरक कळेना. ढगात कुठेतरी विमानाची घरघर आली. तशी ती अधूनमधून यायची, पण ही नेहमीपेक्षा खालून होती, असं आते सांगते. बायका रोपाची मूठ हातात धरून वर बघत राहिल्या. काही दिसलं नाही. आवाज खाडीकडे गेला आणि पावसात मिसळला. दुसऱ्या दिवशी होडीने पलीकडे गेलेली माणसं बातमी घेऊन आली: घाटकोपरच्या डोंगरावर ईमान परलाय, एकही माणूस वाचला नाय.

तिने ऐकलेली घरघर त्याच विमानाची होती की दुसऱ्या कुठल्या, ते मी तिच्या आठवणीवर सोपवतो. दिवस मात्र नोंदलेला आहे. 12 जुलै 1949. डच कंपनी केएलएमचं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान दिल्लीहून सांताक्रूझला येत होतं. नाव ‘फ्रानेकर’. आत 45 माणसं होती आणि त्यांत इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे 13 अमेरिकी पत्रकार. पुलित्झर पारितोषिक मिळवलेले एच. आर. निकरबॉकर त्यांतच होते. पावसाळी ढगांत धावपट्टी शोधत असताना विमान घाटकोपरच्या डोंगरावर सुमारे 200 मीटर उंचीवर आदळलं. सगळे गेले. विमानतळ तिथून अगदी जवळ होता.

आतेच्या गोष्टीत पत्रकार नसतात, हॉलंडही नसतं. तिच्या गोष्टीत तिचा बाप, म्हणजे माझा आजा, असतो. बातमी ऐकून तो ओटीवर बराच वेळ गप्प बसला आणि मग जे बोलला ते आमच्या घरात अजून बोललं जातं: “घर दिसला म्हंजे घर आला नाय.”

आजा खाडीत होडी घालायचा. या बोलण्याला त्याचा उभा जन्म जामीन होता. ठाणे खाडी उथळ आहे. ओहोटी लागली की काठाला दूरपर्यंत चिखल उघडा पडतो आणि होडीला मधल्या पाण्यापुरतीच वाट राहते. मासे घेऊन परतताना दिवस कलला, ओहोटी सुरू झाली, तरी समोर घरं दिसत असतात, चुलींचा धूर दिसत असतो. थोडंच तर राहिलं, असं मन म्हणतं. तो आणि त्याच्या वयाचे लोक सांगत की होड्या बहुतेक इथेच रुततात. भर खाडीत माणूस जागा असतो, काठाजवळ त्याचं मन आधीच घरी पोचलेलं असतं. आज्याचा नियम सरळ होता. पाणी कमी वाटलं की होडी मागे न्यायची, खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि भरतीची वाट बघायची. रात्र गेली तर गेली. घरचे वाट बघतील, मासे उतरतील, शेजारी हसतील. हे सगळं सोसायचं. आतेने लहानपणी अशा कितीतरी रात्री ओटीवर जागून काढल्या. बाप वाट चुकला अशी भीती तिला कधी वाटली नाही. तो थांबलाय, एवढं तिला ठाऊक असे.

दुसरी गोष्ट अण्णांची. कोपरखैरण्यात आमच्या गावठाणाइतकेच माथाडी कामगारही रुजले आहेत. मुंबईचे घाऊक बाजार खाडी ओलांडून इकडे आले, त्यांच्या मागोमाग साताऱ्याची, सांगलीची, पुण्याकडची माणसं आली. अण्णा जुन्नरच्या डोंगराकडचे. पाठीवर पोती वाहून थकलेलं शरीर, पण आवाज खणखणीत. आमच्या इमारतीच्या गच्चीवर उतरणारी विमानं बघताना ते नेहमी 1962 सालच्या पावसाळ्यावर येत. त्यांच्या भागातल्या डोंगरात मध्यरात्रीनंतर विमान पडलं. थोरली माणसं कांबळीची खोळ घेऊन पावसात वर चढली. वाट नाही, उजेड नाही, खाली दरी. वर पोचलेल्यांनी जे पाहिलं ते त्यांनी पुढे पोराबाळांसमोर कधी काढलं नाही, एवढंच अण्णा सांगत.

ते विमान इटलीच्या अलिटालियाचं, 7 जुलै 1962 चं. सिडनीहून रोमला जाताना बँकॉकनंतर मुंबईला उतरायचं होतं. मुंबई अजून 80 किलोमीटरहून जास्त दूर होती, पण वैमानिकांचा हिशोब चुकला. आपण मुंबईच्या जवळ आलोत अशा समजुतीने त्यांनी रात्रीच्या ढगांत उंची सोडायला सुरुवात केली आणि समोर सह्याद्री उभा राहिला. 94 माणसं गेली. इथे तर घर दिसलंही नव्हतं. ते आलं असं नुसतं वाटलं होतं.

अशा अपघातांत विमान धडधाकट असतं, इंजिनं चालू असतात, वैमानिक शुद्धीवर असतात, आणि तरी ते जमिनीवर जाऊन आदळतं. जगभर असे इतके बळी गेले की 1970च्या दशकात डॉन बेटमन या अभियंत्याने घडवलेलं, जमीन जवळ आली की वैमानिकाला ओरडून सांगणारं यंत्र विमानांत बसू लागलं. आज कॉकपिटमध्ये “पुल अप” असा आवाज घुमतो. तो आवाज घाटकोपरच्या आणि जुन्नरच्या डोंगरांवर गेलेल्यांसारख्या हजारोंच्या मरणातून आला आहे, असं मी मानतो.

मोठी विमानं हळूहळू शहाणी झाली. लहान विमानांची कहाणी मात्र निराळी, आणि मुंबईत ती जुहूपासून सुरू होते. 1928 साली तिथे विमानांसाठी मैदान झालं. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची थैली घेऊन पुस मॉथ या लहानशा विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. वाटेत अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. या दिवसाची गोष्ट सगळे सांगतात. मला त्याच्या पुढची जास्त मोलाची वाटते. जुहूचं मैदान समुद्रालगत, खोलगट. पावसाळ्यात तिथे चिखल आणि पाणी. टाटांच्या विमानसेवेने पावसाशी झुंज घेण्याचा हट्ट धरला नाही. पावसाळा आला की ती आपलं बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवायची. देशातली टपालाची विमानसेवा सुरू करणाऱ्या माणसांनी पहिल्याच वर्षांत ठरवून टाकलं होतं की या ऋतूत इथे उतरायचं नाही. आज्याने ऐकलं असतं तर त्याला ही माणसं आपल्यातलीच वाटली असती.

जुहू आणि सांताक्रूझ इतके जवळ की चूक मोठ्यांचीही होई. 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं भलंमोठं डीसी-8 विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि पुढे निघून गेलं. कुणाचा जीव गेला नाही. त्याही वेळी धावपट्टी दिसली होती. दिसली म्हणूनच विमान उतरलं.

28 जून 2018 ला याच जुहूहून एक लहान किंग एअर सी-90 विमान चाचणीसाठी उडालं. उत्तर प्रदेश सरकारने विकलेलं, दुरुस्तीनंतर पुन्हा आकाशात आणलेलं हे विमान परतीच्या वाटेवर घाटकोपरच्या जागृतीनगरमध्ये, बांधकाम चालू असलेल्या जागी कोसळलं. दोन वैमानिक, दोन अभियंते आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाचजण गेले. दुपारचा एक वाजून गेलेला, मजूर जेवायला गेलेले. नाहीतर तिथे किती घरांची चूल विझली असती, याचा विचार करवत नाही. आतेने टीव्हीवर गावाचं नाव ऐकलं आणि विचारलं, “परत घाटकोपर?”

मग आला 14 सप्टेंबर 2023. गणपतीला पाच दिवस राहिले होते. मोदकाच्या पिठासाठी आतेने आंबेमोहर धुवून ठेवलेला, पण पावसाने ऊन म्हणून पडेना. शेवटी मधल्या खोलीत धुवट पंचा अंथरून त्यावर तांदूळ पातळ पसरला होता आणि पंखा लावला होता. ती बाजूला बसून वाळत आलेले दाणे बोटांनी कडेला सारत होती. पाच वाजायच्या सुमाराला पावसाचा असा पडदा आला की समोरची इमारत पुसली गेली. वरून विमानं जात होती, आवाज येत होते. त्या आवाजांतला एक लहान जेटचा असणार.

विशाखापट्टणमहून मुंबईला येणारं लिअरजेट 45. भाड्याने चालवलं जाणारं खाजगी विमान, आत सहा प्रवासी आणि दोन वैमानिक. पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे आमच्याच वाटेने, ते धावपट्टी 27 वर उतरत होतं. मुसळधार पाऊस होता आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितल्याप्रमाणे दृश्यमानता 700 मीटर. पाच वाजून दोन मिनिटांनी ते उतरता उतरता धावपट्टी सोडून बाजूला गेलं आणि मोडलं. टीव्हीवर गवतात पडलेला सांगाडा, त्यावर पाणी मारणारे अग्निशामक आणि वर तसाच कोसळणारा पाऊस. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाची धावपट्टी दीड तासाहून जास्त वेळ बंद राहिली, किती विमानं दुसरीकडे वळवावी लागली. आणि आतले आठही जण जिवंत बाहेर आले.

आतेने तांदळावरचा हात न काढता विचारलं, “कती मानसा व्हती?”

“आठ.”

“आन् सगली?”

“सगली वाचली.”

“मंग देव पावला,” ती म्हणाली आणि पुन्हा दाणे सारू लागली. 1949 पासून तिच्या कानावर आलेल्या या वाटेवरच्या बातम्यांत, विमान मोडूनही आतली सगळी माणसं वाचल्याची ही एकच होती.

पुढच्याच महिन्यात, 19 आणि 22 ऑक्टोबरला, बारामतीजवळ शिकाऊ वैमानिकांच्या विमानांचे चार दिवसांत दोन अपघात झाले. लहान विमानांकडे आपलं लक्ष अशा दिवशीच जातं. एरवी ती कुणाच्या वेळापत्रकात नसतात.

पावसात लहान विमान उतरवणं म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या विमानाचं वजन त्याला वाऱ्यात काहीसं स्थिर ठेवतं. हलक्या जेटला वाऱ्याचा प्रत्येक झोत जाणवतो. धावपट्टीवर पाण्याचा थर साचला असेल तर चाकं जमिनीला न भिडता पाण्यावरूनच घसरू शकतात आणि ब्रेक निकामी ठरतात. वैमानिक यंत्रांच्या आधाराने ढगांतून खाली येतो, पण एक उंची ठरलेली असते. साध्या यंत्रणेत ती जमिनीपासून 200 फूट. तिथे पोचेपर्यंत धावपट्टीचे दिवे दिसले नाहीत, किंवा दिसूनही विमान नीट मार्गावर नसेल, तर इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचं असतं. वैमानिकांच्या भाषेत याला गो-अराउंड म्हणतात. पुन्हा फेरी मारायची, पुन्हा प्रयत्न करायचा, नाहीतर दुसरा विमानतळ गाठायचा. त्यासाठी लागणारं इंधन निघतानाच घेतलेलं असतं. खोल पाण्यात नांगर टाकून थांबणं, ते हेच.

वैमानिकांच्या शाळेत हे पहिल्या वर्षापासून शिकवतात. तरी जगभरात असे अपघात होत राहतात जिथे परत फिरता आलं असतं आणि कुणी फिरलं नाही. मला वाटतं याचं कारण माणसाच्या मनात आहे. 200 फुटांवर दिवे अंधुक का होईना दिसू लागले, की तीन तासांचा प्रवास संपल्यातच जमा असतो. लहान खाजगी विमानात तर ज्याच्यासाठी उड्डाण आहे तो माणूस चार हातांवर मागे बसलेला असतो. त्याची बैठक असते, सभा असते, लग्न असतं, कधी घरातलं मरण असतं. तो तोंडाने एक शब्द बोलला नाही तरी त्याची घाई कॉकपिटपर्यंत पोचते. मोठ्या कंपनीत वैमानिक आणि प्रवासी यांच्यामध्ये एक व्यवस्था उभी असते. लहान विमानात मध्ये एक दार असतं, आणि पुष्कळदा तेही उघडं.

14 सप्टेंबरच्या विमानात काय घडलं, याचा निवाडा माझा नाही. त्यासाठी 2012 साली स्थापन झालेला विमान अपघात तपास विभाग आहे. या तपासाचा जगभर मान्य असलेला नियम मला फार आवडतो. चौकशी दोषी ठरवायला नसते, पुढचा अपघात टळावा म्हणून असते. आमची थोरली माणसंही तेवढ्यासाठीच सांगत होती. आते घाटकोपरच्या डोंगराची गोष्ट सांगते ती कुणा वैमानिकाला नावं ठेवायला नव्हे. अण्णांच्या गावच्यांनी डोंगरावर जे पाहिलं ते न सांगता फक्त एवढं सांगितलं की पावसात हिशोब चुकतो. अहवाल आकडे देतो, म्हातारी माणसं धडा देतात. दोन्ही वाचले आणि ऐकले गेले नाहीत तर दोन्ही वाया जातात.

आमच्याकडूनही या वाटेला देणं आहे. 20 मे 2024 च्या रात्री एमिरेट्सचं विमान मुंबईला उतरताना घाटकोपरवर रोहित पक्ष्यांच्या थव्यात शिरलं. सुमारे 40 पक्षी मेले. विमान सुखरूप उतरलं, पण तेवढेच पक्षी लहान विमानाला आडवे आले असते तर? खाडीचं पाणी, कांदळवन, पाणथळ जागा बिघडल्या की पक्षी आपली जागा बदलतात आणि विमानांच्या मार्गात येऊ शकतात. विमानतळाच्या 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला नियमाने मनाई आहे, ती याच कारणाने. आता तर आमच्या दक्षिणेला नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला प्रवासी विमानं उडू-उतरू लागली. त्यासाठी दहा गावं उठली, डोंगर उतरवला गेला, नदीचं पात्र वळवलं. त्याला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून आमची माणसं रस्त्यावर उतरली. एवढं देऊन बसलेल्या लोकांना त्याच्या आभाळाची काळजी वाहण्याचा हक्क आहे आणि कर्तव्यही.

आणि खाजगी विमानाने येणाऱ्या प्रत्येकाकडे, मग तो पुढारी असो, उद्योगपती असो की अवयव घेऊन धावणारा डॉक्टर, माझं एक मागणं आहे. पावसाच्या दिवसांत विमानात चढतानाच वैमानिकाला स्पष्ट शब्दांत सांगा: उतरणं बरोबर वाटलं नाही तर खुशाल परत फिरा, पुण्याला न्या, अहमदाबादला न्या, उशिराचं मी बघून घेईन. हे वाक्य बोलायला पैसा लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. त्याने वैमानिकाच्या खांद्यावरचं ओझं उतरतं, आणि ज्या घडीला त्याला फक्त समोरचा पाऊस बघायचा असतो त्या घडीला तो फक्त पाऊसच बघू शकतो.